थोरली टिकेल की धाकटी?

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. टीव्हीच्या मागे वायरी जमतात तसे ते जमतात. कोण कधी लावून गेलं ते आठवत नाही, आणि एक दिवस टीव्ही हलवायचा म्हणून एक वायर ओढावी तर दहा बाहेर येतात!

मागे जुन्या टीममधल्या एका मैत्रिणीचा फोन आला. "तुला ती सहा नंबरची डिस्क आठवते का गं?" एवढंच म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघी नुसत्या हसत होतो. फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" त्याला डिस्क सांगायला गेले तर आधी राव काका सांगावे लागले. राव काका सांगायला गेले तर थोरली-धाकटी सांगावी लागली. शेवटी म्हटलं, हे लिहूनच काढलेलं बरं.

तर मी मूळची मिरजेची. २००५ साली नोकरीसाठी चेन्नईला गेले. ऑफिस शोळिंगनल्लूरला. आमचं काम होतं, डीव्हीडीनंतर जो नवा प्लेअर बाजारात यायचा होता त्याचं सॉफ्टवेअर तपासायचं. चित्र इतकं स्पष्ट, की बातम्या देणाऱ्या बाईंच्या साडीचा काठ खरा जरीचा आहे की नाही ते घरबसल्या कळावं.

पण त्यात एक गोम होती. जगात दोन पार्ट्या पडल्या होत्या. एकीची डिस्क ब्लू-रे, दुसरीची एचडी डीव्हीडी. दोन्ही दिसायला सारख्या, पण हिची डिस्क तिच्या प्लेअरमध्ये चालायची नाही. सिनेमावाल्या कंपन्याही निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. आमचा क्लायंट जपानी आणि हुशार. त्याने दोन्ही दगडांवर पाय ठेवले होते. म्हणून आमच्याकडे एकाच हॉलमध्ये दोन टीम, आणि मध्ये प्लायवूडचं पार्टिशन.

घरच्यांना वाटायचं, पोरगी दिवसभर सिनेमे बघते आणि वर पगार घेते. खरं म्हणजे आम्ही एकाच सिनेमाची तीच चार मिनिटं दोन-दोनशे वेळा बघायचो. त्या सिनेमांचा शेवट काय होतो ते मला आजही माहीत नाही!

*

सगळ्या टेस्ट डिस्क एका कुलूपबंद खोलीत असायच्या आणि त्या खोलीचे मालक होते व्यंकट राव. वय पंचावन्नच्या आसपास, कपाळाला गंध, शर्टाच्या खिशात दोन पेनं. रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय ते मॅनेजरलाही डिस्क देत नसत.

राव तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरी अजून मराठी, पण त्यांची मराठी. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला! त्या दिवसापासून मी 'वैशालीमा' झाले आणि ते माझे राव काका.

पहिल्याच आठवड्यात इंटरकॉमवर त्यांचा फोन आला. "वैशालीमा, सहा नंबर डिस्क होणा."

मी रिपोर्ट भरत होते, टेबलावरची सहा नंबरची डिस्क तेवढी तपासायची राहिली होती. मला वाटलं, तमिळ वळणामुळे शेवटचा 'र' गिळला असेल. होणार म्हणतायत. म्हणजे डिस्क चालणार. काकांनी तपासली असेल.

"नक्की ना, काका?"

"नक्की. आजच होणा!"

मी रिपोर्टात लिहिलं, डिस्क सहा, चालते. आमचे मॅनेजर सेल्वम यांनी रिपोर्ट जपानला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी उभे. "काल आजच होणा म्हणून सांगितलों. डिस्क अजून परत आली नाहीं!"

तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या घरच्या मराठीत 'होणा' म्हणजे 'पाहिजे'. काकांना डिस्क परत पाहिजे होती!

मी धावत सेल्वमकडे गेले. जपानहून उत्तर आलेलंच होतं. फार नम्र उत्तर होतं. "अभिनंदन. डिस्क सहावर आपल्याला काय दिसलं तेही कृपया कळवावं. आमच्याकडे ती कोरी आहे."

*

पार्टिशनच्या अलीकडच्यांनी पलीकडच्यांशी कामाबद्दल बोलायचं नाही, असा करार होता. करारावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. पार्टिशन मात्र छतापर्यंत पोचत नव्हतं. तिकडे कोणी शिंकलं तरी इकडून "ब्लेस यू" जायचं.

आणि जेवायला सगळे एकाच कँटीनमध्ये! तिथे सेल्वमने नियम केला, की डबा खाताना फॉरमॅटचं नाव काढायचं नाही. काकांनी त्यावर तोड काढली. ब्लू-रेच्या डिस्कवर जास्त मावायचं म्हणून ती थोरली, आणि एचडी डीव्हीडी धाकटी. आम्ही दोघं मराठीत बोलायचो, त्यामुळे कोणाला पत्ता लागायचा नाही.

"थोरलीला मोठमोठ्या घरच्या लोकांनी पसंत केलेंय," काका ताकभात कालवत सांगायचे.

"आणि धाकटीचं?"

"धाकटी स्वस्तांत जाईल, वैशालीमा. तिचं कांहीं खरं नाहीं."

एचआरला कानडे मॅडम नवीन आल्या होत्या. नागपूरच्या. त्या मागच्या टेबलावर बसून तीन दिवस हे ऐकत होत्या, ते आम्हाला कुठे माहीत!

चौथ्या दिवशी त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "राव साहेब, थोरली-धाकटीबद्दल चारचौघांत असं बोलू नये." मग फाईल उघडून म्हणाल्या, "फॉर्मवर तुम्ही एकीचंच नाव लिहिलं आहे. धाकटीचा विमा काढला नाही का?"

काकांना खरंच एकच मुलगी. त्यांना वाटलं, मॅडम फॉरमॅटबद्दलच बोलतायत, कंपनी डिस्कचा विमा काढत असेल. ते परत येऊन मला कौतुकाने सांगू लागले.

"धाकटीला इन्शुरन्स होणा का म्हणून विचारल्या. मी म्हटलों, तिला कशाला मॅडम, दोन वर्षं काढील की नाहीं कोण जाणे! तर त्या रडूंच लागल्या."

*

मला सुरुवातीला वाटायचं, काकांना ह्या भांडणात एवढा रस का? दर सोमवारी सकाळी पहिला प्रश्न ठरलेला. "वैशालीमा, कोण जिंकतं दिसतंय?" पगार तर दोन्हीकडून सारखाच मिळत होता.

मग एकदा त्यांनी मैलापूरला घरी जेवायला बोलावलं, तेव्हा कळलं.

घरात काकांचे वडील होते. आप्पा. वय चौऱ्याऐंशी. जन्मभर हरिकथा, म्हणजे आपलं कीर्तन, केलेला माणूस. त्यांच्या पणजोबांनी रचलेलं एक मराठी आख्यान त्या घरात चालत आलेलं होतं, शंभरावर ओव्यांचं. ते संपूर्ण येणारा माणूस आता एकच उरला होता आणि तो समोर पाटावर बसून आंबट भात खात होता.

"तुम्हाला येतं का, काका?" मी विचारलं.

"मज ताल येतो. झांज वाजवतों. ओव्या येत नाहींत. मी इंजिनियरिंग शिकलों नव्हे का!" काका हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

त्यांच्या मनात होतं आप्पांचं आख्यान एकदा नीट रेकॉर्ड करायचं. एकदाच, उत्तम, आणि कायम राहील असं. पण काका दुधाने पोळलेले होते. बहिणीचं लग्न त्यांनी बीटामॅक्सवर घेतलं होतं. टेप आजही कपाटात आहे, लावायला मशीन मिळत नाही. पुढे आप्पांचंच एक भजन एका चपट्या कॅसेटवर घेतलं, तर तो प्रकार आठ महिन्यांत बाजारातून गेला. म्हणून आता ठरवलं होतं, आधी ह्या दोघींत कोण टिकते ते पाहू, आणि मग तिच्यावरच आप्पांना घ्यायचं.

मला ते ऐकून कसंतरीच झालं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस आणि काका कंपन्यांच्या भांडणाचा निकाल लागायची वाट बघतायत! मी न राहवून बोललेच, "काका, आजच घ्या की. मिळेल त्या कॅमेऱ्याने घ्या."

"घेऊं. थोडं थांबूं," काका म्हणाले. "चुकीच्या डब्यांत घातलें तर परत गेलेंच नव्हे?"

आप्पांना एका कानाने कमी ऐकू यायचं, पण हे ऐकू आलं. हाताचा भात तसाच ठेवून म्हणाले, "तुझ्या दोघी भांडून होईपर्यंत मी राहायचें की नाहीं, तेंही त्यांनाच विचारून ये."

*

एकदा जपानहून साहेब स्वतः आले. डेमो होता. सेल्वमने टी नगरमधल्या दुकानातून भिंतीएवढा नवा टीव्ही भाड्याने आणला, नवा शर्ट घातला, आणि सकाळी सात वाजता देवाला नारळही फोडून आला.

आता ह्या नव्या प्लेअरची एक खोड होती. कोणी वायरीमधून सिनेमा चोरू नये म्हणून प्लेअर आधी टीव्हीची ओळख विचारायचा. टीव्हीने बरोबर उत्तर दिलं तरच चित्र सोडायचा. ह्या विचारपुशीला 'हँडशेक' म्हणतात.

साहेब बसले. बटण दाबलं. टीव्ही काळा. पुन्हा दाबलं. काळा. वायर काढून फुंकर मारून परत लावली. काळाच!

सेल्वम घामाघूम. साहेबांकडे वळून म्हणाला, "सॉरी सर, हँडशेक राहिलाय."

साहेबांना इंग्रजी बेताचंच. ते चटकन उठले, कमरेत वाकले, "आय अॅम व्हेरी सॉरी" म्हणाले, आणि सेल्वमपासून चहावाल्या अम्मांपर्यंत अकरा जणांशी हात मिळवून परत खुर्चीवर बसले.

टीव्ही तरी काळाच!

शेवटी काका उठले आणि कँटीनमधला जुना डबा टीव्ही ढकलत घेऊन आले. त्याला तीन रंगांच्या जुन्या वायरी लावल्या. चित्र आलं! साहेबांनी दुभाष्यामार्फत विचारलं, "नव्या टीव्हीवर विश्वास नाही आणि जुन्यावर आहे, असं कसं?"

काका म्हणाले, "सर, जुन्याला कोणी कांहीं विचारलेंच नाहीं."

*

सेल्वम माणूस फार चांगला. नियम पाळण्यात मात्र कोणाच्या बापाला ऐकायचा नाही.

एका वर्षी इंटरनेटवर बोभाटा झाला. ह्या डिस्कचं कुलूप उघडणारा एक लांबलचक आकडा कोणीतरी शोधून काढला आणि जगभर वाटला. तो आकडा म्हणजे किल्लीच. जपानहून तातडीची सूचना आली, की हा आकडा आपल्या ऑफिसात कुठेही लिहिलेला, छापलेला, साठवलेला दिसता कामा नये. दिसल्यास कडक कारवाई.

सेल्वमने ताबडतोब सर्क्युलर काढलं. सर्वांनी वाचावं म्हणून मोठ्या टायपात काढलं. सूचना फलकावर लावलं, कँटीनमध्ये लावलं, लिफ्टमध्ये लावलं, आणि कोणी म्हणू नये मला मिळालं नाही, म्हणून प्रत्येकाच्या टेबलावर एक प्रत ठेवली.

"खालील आकडा कोणीही, कुठेही लिहू नये."

आणि खाली आकडा!

काकांनी आपली प्रत वाचली, रजिस्टर उघडलं, नोंद केली आणि प्रतीसकट ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग सेल्वमला म्हणाले, "सर, पोच दिली आहे. आकडा मी रजिस्टरांत लिहिला नाहीं. अटॅच केलाय."

*

त्याच सुमाराला काका एक दिवस पंच्यात गुंडाळलेली वही घेऊन आले. जेवणाच्या सुट्टीत हात धुवून, पुसून, माझ्यासमोर उघडली.

"आप्पांच्या आजोबांची वही. आख्यानाच्या थोड्या ओव्या ह्यांत आहेत. बाकीच्या आप्पांच्या तोंडांत. त्यांना आतां बारीक दिसत नाहीं, मज वाचतां येत नाहीं. तुम्ही महाराष्ट्राच्या. वाचा."

मी बघितलं. हात न उचलता लिहिलेली गोल गोल अक्षरं, एकात एक अडकलेली. निम्म्या पानांना वाळवीने भोकं पाडलेली.

"काका, ही मोडी आहे."

"हो. मराठीच नव्हे का?"

"मराठीच. पण मला नाही येत. आमच्याकडे आता कोणालाच सहसा येत नाही."

चार पिढ्या परमुलखात सांभाळलेली वस्तू काकांनी विश्वासाने मूळ गावच्या माणसापुढे ठेवली होती, आणि मूळ गावच्या माणसाला त्यातलं एक अक्षर लागेना. मला इतकी लाज वाटली, की पुढे दोन दिवस मी त्यांच्या खोलीत डिस्क मागायला गेले नाही.

सेल्वम मागून येऊन वाकून वही बघत होता. त्याला तमिळ, इंग्रजी, थोडी जपानी येते. बराच वेळ बघून अगदी मनापासून म्हणाला, "राव, एन्क्रिप्शन फारच स्ट्राँग आहे. व्हेंडर कोण?"

*

मग वॉटरमार्कचं ट्रेनिंग झालं. बेंगळुरूहून एक तरुण ट्रेनर आला होता, लॅपटॉपला तीन स्टिकर लावलेला. त्याने समजावलं, की प्रत्येक प्रतीत आम्ही एक छोटा बदल लपवतो. बघणाऱ्याला कळत नाही. पण चोराने त्याची कॉपी केली, की तो बदलही कॉपी होतो आणि चोर सापडतो. "हे एकदम लेटेस्ट आहे," तो म्हणाला.

काकांनी हात वर केला. "सर, हे आमच्या आप्पांनी केलेंय. तीस वर्षं झालीं."

ट्रेनरला वाटलं, आप्पा कुठल्यातरी परदेशी कंपनीत असतील. म्हणाला, "प्लीज शेअर."

काका इंग्रजीत सांगू लागले. मार्गळी म्हणजे मार्गशीर्षाच्या महिन्यात मैलापूरच्या एका सभेत आप्पांची हरिकथा होती. आप्पांनी पाहिलं, पहिल्या रांगेत एका गृहस्थाने उपरण्याखाली टेपरेकॉर्डर ठेवलाय. आप्पा कोणाला काही बोलले नाहीत. ठरलेलं आख्यान केलं, आरती केली, प्रसाद वाटला.

पुढच्या मार्गळीला दुसऱ्या हॉलमध्ये एका भागवतरांनी, म्हणजे तिकडच्या कीर्तनकारांनी, तेच आख्यान स्वतःचं म्हणून लावलं. आप्पा तिकीट काढून पहिल्या रांगेत बसले. ऐकत राहिले. एक ओवी आली आणि आप्पा भर सभेत उभे राहिले.

"भागवतर, ही ओवी माझ्या पणजोबांची नव्हे. ती मी तुमच्या टेपरेकॉर्डरसाठीं घातलेली!"

*

२००८ च्या सुरुवातीला निकाल लागला. सिनेमावाल्या कंपन्या एकेक करत थोरलीकडे गेल्या आणि धाकटीच्या मालकांनी एका सकाळी सांगून टाकलं, की आता आम्ही हे करत नाही.

आमच्याकडे पार्टिशन काढायला दोन सुतार आले. पलीकडच्या टीमला वाटलं नोकऱ्या गेल्या, पण त्यांच्या खुर्च्या फक्त अलीकडे सरकल्या. पार्टिशनच्या मागे काय काय निघालं! हरवलेल्या पाच डिस्क, एक टिफिनचं झाकण, आणि चिठ्ठ्या. करार असून दोन्ही बाजूंनी वरून टाकलेल्या. सेल्वमने त्या न वाचता फाडल्या, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच नियमाकडे काणाडोळा केला.

कानडे मॅडमना एव्हाना थोरली-धाकटी म्हणजे काय ते कळून दोन वर्षं झाली होती. तरी त्या काकांच्या खोलीत आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "राव साहेब, ऐकलं. धाकटी गेली."

काकांनीही तेवढ्याच गंभीरपणे मान हलवली. "हो मॅडम. तीन दिवस रजा होणा."

मॅडमनी लगेच सही केली. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. "घरगुती."

*

त्या रजेच्या पहिल्या दिवशी सकाळी मी ऑफिसचा कॅमेरा आणि नवा डिस्क रायटर घेऊन मैलापूरला गेले. गेटपासवर सेल्वमने स्वतः लिहिलं होतं, 'परत येणार'. आप्पा आता शहाऐंशीचे. हिवाळ्यात छातीत कफ होऊन आठ दिवस हॉस्पिटलात काढून आले होते. ते आठ दिवस काका रोज रजिस्टर उघडायचे आणि काही न लिहिता मिटायचे.

आप्पा नवी वेष्टी, म्हणजे धोतर, नेसून, गळ्यात तुळशीची माळ घालून तयार होते. मी लेन्सचं झाकण काढलं. आप्पांनी एकदा कॅमेऱ्याकडे निरखून पाहिलं आणि सुरू केलं. काका बाजूला झांज घेऊन बसले.

आवाज आधी घोगरा होता, मग मोकळा झाला. दोन तास झाले. मध्ये दोनदा खोकला आला, दोनदा गरम पाणी घेतलं, पण आप्पा एका ओवीलाही अडखळले नाहीत. शेवटची ओवी म्हणून त्यांनी हात जोडले तेव्हा काकांच्या हातातली झांज वाजायची थांबेना.

"झालं," आप्पा म्हणाले. "आतां परत माझ्यानें होणार नाहीं." आणि ते भिंतीला टेकून तसेच झोपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही थोरलीवर डिस्क लिहायला घेतली. सॉफ्टवेअरने नेहमीचा प्रश्न विचारला. कॉपी करू द्यायची? मुळीच नाही, एकदाच, की कितीही? तीन वर्षं आम्ही दोघं लोकांच्या सिनेमांना 'मुळीच नाही' लावत आलो होतो. माझा हात सवयीने तिकडेच गेला.

"नक्को, वैशालीमा," काका म्हणाले. "कुलूप नक्को." त्यांनी माऊस घेतला आणि स्वतः 'कितीही' दाबलं.

संध्याकाळी आप्पांना टीव्हीसमोर बसवलं. त्यांना स्पष्ट दिसत नव्हतं, पण ते पुढे वाकून ऐकत होते. मधूनच मांडीवर ताल धरत, मधूनच मान हलवत. डिस्क संपली तेव्हा काकांना विचारलं, "बेष. हें राहील?"

"राहील, आप्पा. आतां ही जाणार नाहीं."

"कोणकोण ऐकेल?"

"अस्के ऐकतील, एकूण एक. तंजावरला दादा, बेंगळुरूला अक्का, तिचीं मुलं. कुलूप घातलों नाहीं. ज्याला होणा तो काढून घेईल."

"ज्याला होणा तो?"

"हो."

आप्पा हळूहळू भिंतीला धरून उठले, कालच्या जागी जाऊन बसले, आणि गळ्यातली माळ नीट केली.

"मग हें आधीं सांगायचें नव्हे का?" ते काकांवर रागावले. "मी एक ओवी वेगळी घातलों!"

काका उभेच राहिले. "कुठली, आप्पा?"

"पहिलें कॅमेरा लाव."